मास्तरांच्या गाडीचा शाफ्ट

“हा मागचा आस चालणार नाही,” डेंटिस्ट म्हणाला आणि त्यानं कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर काट मारली.

“का बरं? इंजिन सहाशे घोड्यांच्या ताकदीचं. चार चाकांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला दीडशेच येतात,” टेबलापलीकडून मास्तर म्हणाले.

“हे वर्गात शिकवा. गाडी जोरात सुटली की सगळं वजन मागे बसतं. पुढची चाकं नावापुरती टेकलेली असतात. तेव्हा मागचा प्रत्येक भाग असा घ्यायचा, की जणू पुढे काही बसवलेलंच नाही.”

मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. तासभर झाला, पण डेंटिस्टनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. तो कागदाकडे बघत होता, बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होता. टेबलाखाली तर नजर जाऊच द्यायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

गिअरचे दाते बघून गाडीचं दुखणं ओळखणारा म्हणून सगळे त्याला डेंटिस्ट म्हणत. वर्कशॉपच्या पुढच्या खोलीत त्याची बायको सुट्या भागांच्या ऑर्डरी सांभाळायची. “ह्यांचे पेशंट बोलत नाहीत, म्हणून ह्यांचं बरं चाललंय,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरही इथं रोजचेच होते. आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घाटाच्या शर्यतीत गाडी पळवायचे. त्यांच्या जुन्या गाडीला गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब शाफ्ट डेंटिस्टनंच बसवला होता. अर्ध्या चढणीवर तो पुढच्या जोडाशी तुटला. सुटलेलं टोक गरगरत गाडीच्या तळाचा पत्रा फाडून आत आलं. मास्तरांचं एक पाऊल घोट्यापासून गेलं. चौकशी झाली, ‘अपघात’ असा शेरा पडला आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

डेंटिस्ट मात्र तेव्हापासून एक आवाज ऐकत होता. तोल गेलेला शाफ्ट तुटण्याआधी घुमतो, तसा. घरातला फ्रिज सुरू झाला की त्याचा घास हातातच राहायचा. बसमध्ये चढला की वाकून तळाला तळवा लावून बघायचा. बायकोनं हाक मारली तरी त्याचं लक्ष नसायचं, म्हणून एकदा तिनं त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान ठणठणीत निघाले.

आणि आज सकाळी मास्तर स्वतःच दारात उभे राहिले. एक पाय किंचित ओढत आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “काका, नवीन गाडी घेतलीय. इंजिन तगडं आहे, पण ताकद फक्त मागच्या चाकांना. मला चारही चाकांना हवी. क्लच मी हाताशी घेतलाय. गाडी घसरायला लागली तर पायानं सावरणं आता जमत नाही, तेव्हा चारही चाकांनी रस्ता धरलेला बरा.”

“दुसरे पुष्कळ आहेत हो करणारे.”

“आहेत की. पण हे काम तुम्हीच करायचं.”

मग दर सुट्टीच्या दिवशी मास्तर यायला लागले. एकेक भाग ठरत गेला. गिअरबॉक्स अवजड आणि कुरूप निवडला, पण दाते रुंद. ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी साखळीची नको, गिअरचीच हवी, असं डेंटिस्टनं सांगितलं. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणाऱ्या गिअरांचं, प्रमाण हुबेहूब एक हवं, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि मधली पेटी त्यात मरते, हे त्यानं समजावलं. त्यावर मास्तर म्हणाले, “म्हणजे सासू-सुनेच्या मधला नवरा.” पुढच्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच डेंटिस्टच्याही ओठांचा कोपरा हलला, आणि हलल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

चौथ्या आठवड्यात मास्तरांनी वही पुढे सरकवली. “काका, एक ओळ रिकामी राहिलीय.”

ती शाफ्टची होती. ती डेंटिस्टला ठाऊक होती. तीन आठवडे तो तिच्यावरून उडी मारून खालच्या ओळीवर जात होता.

त्यानं पेन खाली ठेवलं. “तो जुना शाफ्ट वापरलेला होता, मास्तर. हे तुम्हाला सांगितलं होतं. जे सांगितलं नाही ते असं, की वेल्डिंगजवळ एक बारीक रेघ होती. केसाएवढी. मी तेल पुसलं, बोट फिरवलं. म्हटलं, ओरखडा असेल. दुसऱ्या दिवशी शर्यत होती, नवा मिळायला आठवडा लागला असता. ओरखडा नाहीये हे माझ्या बोटाला कळलं होतं.”

पुढच्या खोलीतला टाइप करण्याचा आवाज थांबला.

डेंटिस्टनं ठेवलेलं पेन मास्तरांनी उचलून वहीच्या मधोमध ठेवलं. मग म्हणाले, “मला अंदाज होता.”

“कसा?”

“तुम्ही दवाखान्यात आला नाहीत. तुमचा दोष नसता तर पहिल्याच दिवशी धावत आला असता. काकू एकट्या आल्या, तेव्हाच समजलो.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलून पाऊल थोडंच उगवणार होतं? आणि माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही, काका. रोज सकाळी नकली पावलाचे पट्टे आवळताना तुमची आठवण येते, आणि ती काही बरी नसते.” त्यांनी वही परत सरकवली. “पण स्वप्नात ती चढण अजून अर्धीच राहिलीय. ती मला संपवायचीय. आणि तुमच्याइतकं घाबरून हे काम दुसरं कुणी करणार नाही. म्हणून इथं आलो.”

डेंटिस्टनं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. मग त्यानं वहीत लिहायला घेतलं. शाफ्ट नवा, मापानं बनवलेला, दोन तुकड्यांत, मधे बेअरिंगचा आधार. आणि दोन्ही जोडांपाशी पोलादी कडी, म्हणजे तुटलाच तरी जागेवरून हलायचा नाही.

जेवताना बायको एवढंच म्हणाली, “तेव्हा पाठ धरलीय असं सांगून तुम्ही घरी राहिलात. दवाखान्यातून आल्यावर मी तुमची पाठ शेकली होती.” त्यानंतर दोन दिवस ती फक्त कामापुरतं बोलली.

शाफ्ट आला तो त्यानं दोनदा परत पाठवला. कारखान्यातला माणूस फोनवर वैतागला, “अहो, मशीन म्हणतंय तोल बरोबर आहे.” बायको शांतपणे म्हणाली, “तुमच्या मशीनला मान्य असेल, आमच्या घरी मान्य नाही.” तिचं तेवढं ‘आमच्या’ ऐकून डेंटिस्ट हात पुसत दारातून मागे फिरला. तिसऱ्यांदा आलेला शाफ्ट त्यानं बसवला.

पहिली फेरी तो स्वतः मारून आला. रिकाम्या रस्त्यावर शंभर, एकशे वीस, एकशे साठ. परतल्यावर त्यानं किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली.

“कसला आवाज येतो का?” मास्तरांनी विचारलं.

“मला येतो. पण मला तो उभ्या गाडीतही येतो. तुम्ही जा.”

मास्तर एकटेच घाटाकडे गेले. डेंटिस्टनं आतली खुर्ची आणून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि बसला. बायकोनं जेवायला बोलावलं, तो उठला नाही. तिनं पाण्याचा तांब्या आणून खुर्चीशी ठेवला. दुपार कलली. जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तो मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा.

ऊन उतरल्यावर वळणावर गाडी दिसली. चारही चाकं सारखीच लाल मातीनं माखली होती. मास्तर खाली उतरले. दिवसभरात पट्टे रुतले असावेत, कारण ते नेहमीपेक्षा जास्त ओढत चालत होते.

“वरपर्यंत गेलो,” ते म्हणाले. “वर काहीच नाही हो, काका. एक पाटी आहे आणि वारा.”

डेंटिस्टनं मान हलवली. तो उठला, खुर्चीवरची धूळ हातानं झटकली आणि ती त्यांच्याकडे वळवली. मास्तर बसले, वाकून पट्टे सैल करू लागले. डेंटिस्ट शेजारी उभा राहिला. या वेळी त्यानं नजर वळवली नाही.