मला कळलंच नाही

उकळता चहा माझ्या पायावर सांडला आणि किंचाळल्या तुळजाबाई. माझी लेक प्रणाली हिला मुलासाठी बघायला त्या आणि त्यांचे आप्पासाहेब आमच्या खराडीच्या घरी आले होते. मी ट्रे धरून बघत राहिले, की या बाईंना झालं तरी काय!

"अहो मैनाताई, पाय! पाय भाजला तुमचा!"

खाली पाहिलं, तर पाय लालबुंद. मला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

"काय नाय हो," आमचे सर्जेराव घाईघाईने हसले. "शेतात राबलेले पाय हायेत, एवढ्या तेवढ्यानं काय होत नाय."

आग लागो त्या हसण्याला! दोन वर्षांपूर्वी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांचं सगळं नीट समजावलं, पण कुणाला? यांना. मी शेजारीच खाटेवर, दुरुस्तीला आणलेल्या मिक्सरसारखी. यांनी मान डोलावली आणि मला सांगितलं, वजन उतरेपर्यंत घ्यायच्या. वजन उतरलं. लेकीला स्थळं यायला लागली तशा यांनी गोळ्याच बंद केल्या. म्हणे, पाहुण्यांना वाटेल घरात आजार हाय.

या सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या तळपायाला टाचणी टोचली. मी डोळे मिटून म्हणतेय, "टोचा की!" ते म्हणाले, "टोचून झालं." मग म्हणाले, "या ऑपरेशननंतर अन्नातलं जीवनसत्त्व अंगाला पुरत नाही. त्याच्यावाचून नसा मरतात. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं. सांगितलं नव्हतं?" मी यांच्याकडे पाहिलं. हे मोबाईलमध्ये. इंजेक्शनं आजच सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं, तर गाडीत बसल्यावर हे काय म्हणाले? "गुरुवारी पाहुणे हायेत. दवाखान्यात कुणी बघितलं तर? सोयरीक जमू दे, मग बघू." आणि मी लेकीसाठी गप्प बसले.

तुळजाबाई खाली बसून माझ्या पायावर गार पाणी ओतत होत्या. वजनामुळे त्यांना धाप लागत होती. हळूच म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या बारीक कशा झालात हो? माझं पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय, वजनाचंच."

"डाएट आणि चालणं," हे मध्येच म्हणाले. "दुसरं काय नाय."

झालं. माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोलतायत हे! माझं तेच ऑपरेशन झालंय. ऑपरेशन वाईट नाही, तुळजाबाई. यांनी माझ्या गोळ्या बंद केल्या, म्हणून पाय गेले माझे."

"मैना, आत जा!"

"नाही जात! तुळजाबाई, घरी सोडतील तेव्हा डॉक्टरांना म्हणा, माझ्याशी बोला. आप्पासाहेबांशी नको."

आप्पासाहेबांनी कप ठेवला. "सर्जेराव, हे आधी सांगायला पायजे होतं. चला, निघू आपण."

तुळजाबाई जागच्या हलल्या नाहीत. "किती दिवस घ्यायच्या गोळ्या?"

"जगायचं तेवढे दिवस."

"आणि तुमचे पाय?"

"इंजेक्शनं घेतली तर थोडे सुधारतील म्हणाले. पूर्ण नाही."

त्यांनी माझा हात एकदा घट्ट धरला, मग उठून नवऱ्यामागे गेल्या. दार लागताच हे माझ्यावर ओरडले, "केलंस पोरीचं वाटोळं! झालं समाधान?"

"माझं वाटोळं कुणी केलं ते सांगा आधी!"

हे काही बोलणार, तोच प्रणाली आतून आली. अंगावर अजून नवी साडी, हातात गाडीची किल्ली.

"बाबा, तुम्ही गप्प बसा. आई, चल, दवाखान्यात जाऊ. भाजलेलं दाखवू आणि इंजेक्शनही घेऊ."

ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि माझ्या पायांत चप्पल घालू लागली.

"बसली का गं नीट?" तिने विचारलं.

मी खाली बघितलं, आणि मग म्हणाले, "हो, बसली."