पाळीवरचा वाटा

आसगावच्या अलीकडे मासे धरणाऱ्यांची एक धिवरटोली होती. तिचा कायदा कोणी कुठे लिहून ठेवला नव्हता, म्हणूनच तो मोडायची कोणाची छाती होत नव्हती. ज्याचं जाळं पाण्यात, त्यालाच मासोळीत वाटा. वैशाखात तलाव आटून गुडघाभर पाणी उरलं की सगळी घरं मिळून जाळी ओढत आणि मासोळीचे वाटे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, घालत. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राही. दुसरा एकेका वाट्यापाशी जाऊन विचारी, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस मनात येईल ते नाव घेई. न बघता घेतलेलं नाव, त्यामुळे मोठा वाटा मेहुण्याला दिला असं बोलायला जागाच नाही. एकदा घेतलेलं नाव परत फिरत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात यशोदाबाईचं जाळं पाण्यात नव्हतं. तिचा नवरा श्रावण दिवाळीत तापाने गेला. घरात पाण्यात उतरणारं दुसरं कोणी नाही, आणि बायकांनी मोठं जाळं ओढायची रीत नाही. वाट्याची मासोळी वाळवून ठेवायची आणि तिच्यावर पावसाळा काढायचा, असं इतकी वर्षं चाललं होतं. यंदा वाटा नाही म्हणजे घर बंद करून अड्याळला भावाच्या दारात जाऊन बसणं आलं. भाऊ चांगला होता. भावजयीबद्दल न बोललेलं बरं.

गंमत अशी की टोलीची सगळी फाटकी जाळी वर्षभर यशोदाबाईच शिवायची. मरळीने फाडलेलं असो की उंदराने कुरतडलेलं, जाळं तिच्या ओसरीवर येऊन पडायचं आणि धड होऊन जायचं. बदल्यात कोणी चार कांदे देई, कोणी नुसतं हसून जाई. यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नव्हतं. तिलासुद्धा नाही.

वाटलं ते मंगरूला. मंगरू छातीच्या दुखण्याने कितीतरी महिने मिशनच्या दवाखान्यात पडून होता. तिथली एक सिस्टर संध्याकाळी ख्रिस्ती शास्त्रातल्या गोष्टी सांगे. मंगरू बरा होऊन आला तो त्या गोष्टी सोबत घेऊनच. देव त्याचे घरचेच राहिले, पण बोलता बोलता दावीद राजा असा मध्ये टपके, की ऐकणाऱ्याला तो शेजारच्या पवनीचाच वाटावा. लोक त्याला पाद्रीबुवा म्हणून चिडवत. आपण जिवंत परतलो याचंच मंगरूला इतकं अप्रूप होतं, की ते चिडवणंही त्याला गोड लागे.

जाळी ओढायच्या दिवशी मंगरूने यशोदाबाईचाही वाटा घालायला सांगितलं. टोलीचा मुखिया गोपीचंद नाही म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आज हिला दिला तर उद्या अर्धी टोली सावलीत बसून वाटा मागेल, ही त्याची भीती होती. वाटे जाळ्यांइतकेच पडले आणि नावं घेण्याचं काम नेमकं मंगरूकडे आलं.

यशोदाबाई जरा लांब, नुकतंच फाटलेलं एक जाळं मांडीवर घेऊन बसली होती. नावं तिला ऐकू येत होती. कवडू. ताराचंद. गोपीचंद. पुढच्या वाट्याला मंगरूने शांतपणे सांगितलं, "यशोदाबाईचा."

वाटे संपले तेव्हा एकच नाव उरलं होतं, मंगरूचं स्वतःचं.

यशोदाबाई उठून आली. तिला रडू येत होतं आणि रागही. "मंगरूभाऊ, तुमच्या लेकरायच्या तोंडचं मले नको. भीकच घ्याची तं अड्याळले भाऊ आहे माजा."

मंगरू खजील झाला. भलं करायला गेलो आणि बाईला चारचौघांत भिकारीण करून बसलो, हे त्याला आत्ता उमगलं. तो गोपीचंदकडे वळला.

"दावीद राजाचे लोक लढाईले गेले होते. काही जण थकून ओढ्याच्या अलीकडंच राहिले, सामान राखत. जिंकून आलेले म्हणत, यायले कायले द्याचं? राजानं सांगितलं, लढला त्याचा जेवढा, राखला त्याचाही तेवढाच. ते दान नोहे गोपीचंद, वाटा होय." मग तो म्हणाला, "आज तुज्या जाळ्यात मरळ आली. ते जाळं कोणं शिवलं?"

गोपीचंदने आपलं ओलं जाळं उचलून उन्हात धरलं. जुन्या सुतात जागोजागी नव्या सुताच्या गाठी होत्या, इतक्या की मूळचं जाळं कोणतं ते शोधावं लागत होतं. मग त्याने आपली भरलेली टोपली पाळीच्या मधोमध पालथी केली.

"मोडा सगळे वाटे," तो म्हणाला. "एक वाढवून घाला."

ऊन चढलं, मासोळी नासेल, म्हणून कवडू कुरकुरला, पण टोपली त्यानेही उपडी केली.

नवे वाटे पडले. आता नावं यशोदाबाईनेच घ्यावी, असं मंगरू म्हणाला. बाईमाणसाने नावं घेतल्याचं टोलीत कोणी ऐकलं नव्हतं, पण गोपीचंदने होकारार्थी मान डोलावली.

वाट्यांकडे पाठ करून ती तलावाकडे तोंड करून उभी राहिली. पहिलं नाव तिने मंगरूचं घेतलं. एकेक नाव घेताना तिला त्या घराचं जाळं आठवत होतं. या सगळ्या घरांविषयी आणि कधी न पाहिलेल्या त्या सिस्टरविषयी तिच्या मनात माया दाटून आली. श्रावण गेल्यापासून पहिल्यांदा तिला वाटलं, हे आपलं गाव आहे. डोळे भरून वाहत होते आणि ते कोणाला दिसत नव्हते, हे बरंच होतं.

मागून गोपीचंदचा आवाज आला, "हा कोणाचा?"

घ्यायची नावं संपली होती.

"माजा," यशोदाबाई म्हणाली.