ती खुर्चीत बसली

“बसली म्हणजे कुठं बसली?”

“खुर्चीत. तिच्या नेहमीच्या. आणि नवऱ्याला ती दिसली. मग दोघं हसले.”

“आधी कोण हसलं?”

“अगं, काय उलटतपासणी लावलीयस? संपलं पर्व. गोड झाला शेवट. चल, ताटं घेतो.”

तपासनीसबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांची उभी हयात बसगाड्यांमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर हुद्दा गेला, स्वभाव राहिला. पास घरी विसरलेला माणूस आधी तसं सांगतो आणि मग खिसे चाचपतो. मुळात पास नसलेला आधी चाचपतो आणि मग सांगतो, हा त्यांचा अनुभव होता. नवऱ्यानं ‘गोड झाला’ म्हणण्याआधी नाक शिंकरलं होतं.

मालिका एका मेलेल्या बाईची होती. मरूनही ती घर सोडत नव्हती. आपल्या खुर्चीत बसायची, नवऱ्यानं चहात जास्त साखर घातली की कप पाडायची. नवऱ्याला ती दिसत नव्हती. एवढ्या भांडवलावर वाहिनीनं वर्ष काढलं होतं. पर्वाच्या शेवटी ती नवऱ्याला दिसणार की घर सोडून जाणार, हा प्रश्न होता, आणि त्यापायी तपासनीसबाईंची झोप उडाली होती. वाहिनीच्या लोकांची उडाली होती की नाही, कळायला मार्ग नव्हता.

ती बाई तपासनीसबाईंनाही दिसत नव्हती, पण त्याचं कारण वेगळं होतं. हिवाळ्यापासून त्यांच्या नजरेचा मधला भाग पुसत चालला होता. कडा शाबूत होत्या. पडद्याची चौकट दिसे, माणसाचे कान दिसत. तोंडाच्या जागी धुरकट डाग. त्यामुळे मालिकेतलं बोलणं थांबलं की नवरा सांगे, “आता ती खिडकीशी गेली. आता पडदा हलला.” सांगायचाही छान. जुना फोटोग्राफर तो. स्टुडिओच्या दिवसांत समूहफोटोत कुणाचे डोळे मिटलेले आले, तर बारीक ब्रशनं उघडून द्यायचा. काहींचे तर मूळच्यापेक्षा टपोरे करायचा. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही.

शेवटच्या भागात मात्र बराच वेळ कुणी बोललंच नाही. नुसतं संगीत होतं. आणि त्या संगीतात दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. खुर्चीत बसायला कडी काढावी लागत नाही.

सकाळी शेजारीण विरजण मागायला आली. बाईंनी विरजण ओट्यावर ठेवलं आणि विषय काढला.

“पाहिला ना कालचा भाग?”

“पाहिला की, काकू! काय सुंदर शेवट! ती खुर्चीत बसली. तिच्या नेहमीच्या. आणि नवऱ्याला ती दिसली. मग दोघं हसले.”

दोन वेगवेगळ्या बाकांवरचे प्रवासी एकच सबब शब्दाला शब्द सांगू लागले, की दोघांकडेही तिकीट नसतं.

“आणि कडीचं काय?”

“कडी?” शेजारीण गडबडली. “कडीचं काकांनी काही सांगितलं नाही मला.”

जीभ चावल्याचा आवाज होत नाही. बाईंना तो ऐकू आला. शेजारीण रिकामी वाटी घेऊन पळाली, आणि विरजण तिथंच राहिलं.

दुपारी त्याच भागाचं पुनःप्रक्षेपण होतं. बाईंनी रिमोट उचलला. तो नेहमीपेक्षा हलका लागला.

“अहो, यातले सेल कुठं गेले?”

“संपले असतील.”

“संपले तर जागेवर संपतात. उठून जात नाहीत.”

“आणतो ना संध्याकाळी. आता काय नडलंय?”

पाणी मुरत होतं, आणि बरंच मुरत होतं. बाईंनी धुतलेलीच एक चादर काखेत मारली आणि जिन्याचा कठडा धरून खाली लॉन्ड्रीत गेल्या. लॉन्ड्रीवाली इस्त्री करता करता सगळ्या मालिका बघे, आणि फोटोग्राफरचं तिच्याशी जमत नसे. एक पांढरा झब्बा त्याला कारण होता. असा साक्षीदार फितवता येत नाही.

“बाई, बघितला का काल?” लॉन्ड्रीवालीनंच सुरुवात केली. “रडता रडता एकाचा शर्ट जाळला मी.”

“खुर्चीत बसली ना ती?”

“कुठली बसतेय! खुर्चीवरून नुसता हात फिरवला. मग कडी काढली नि गेली. आणि तो बावळट! त्याला वाटलं, वाऱ्यानं उघडलं. उठला नि दार लावून घेतलं. दिसलीच नाही हो त्याला. शेवटपर्यंत नाही.” तिनं नाक पुसलं. “नव्या पर्वात येईल म्हणतात परत.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. म्हणायला काय जातंय?”

गुन्हा पकडल्याचा आनंद बाईंना जिन्याच्या वळणापर्यंत पुरला.

वळणावर त्यांच्या मनात आलं, की एका मालिकेसाठी माणूस शेजारीण फितवत नाही. सेल लपवत नाही. बाई घर सोडून गेली, एवढं बायकोला सांगायला त्याची जीभ का रेटू नये? गेली तर गेली. मेलेलीच होती.

मग त्यांना डोळ्यांचा दवाखाना आठवला. ‘औषध चालू ठेवा’ म्हणून डॉक्टरांनी बाईंना बाहेर बसवलं होतं आणि थेंब कसे घालायचे ते समजावायला नवऱ्याला आत ठेवून घेतलं होतं. थेंब घालायला शिकायला त्याला फार वेळ लागला. बाहेर येऊन त्यानं आधी नाक शिंकरलं आणि मग म्हणाला, “सूज आहे नुसती. उतरेल. नव्या पर्वात काय चाललंय, ते तूच मला सांगशील.”

ते तिकीट बाईंनी तपासलं नव्हतं.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. नोकरीत त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. विचारलं, की दंड करावाच लागतो. कुणाला सोडायचंच असेल, तर विचारायचं नाही. त्या बाकापुरतं खिडकीबाहेर बघायचं. नियम चांगला होता. वापरायची वेळ फारशी आली नव्हती.

त्या घरात आल्या तोवर ऊन उतरलं होतं. नवरा दारातच उभा होता.

“कुठं गेली होतीस?”

“चादर टाकायला.”

“लॉन्ड्रीवाली काही म्हणाली?”

चोराच्या मनात चांदणं. “कुणाचा तरी शर्ट जाळला म्हणाली.”

“एवढंच?”

“आणि शेवट गोड झाला म्हणाली.”

लॉन्ड्रीवाली असं काही म्हणणार नाही, हे फोटोग्राफरइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं नाक शिंकरलं. पण पुढं काही सांगितलं नाही.

“बसा तुम्ही,” बाई म्हणाल्या. “चहा मी टाकते.”

त्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या. आत अंधारून आलं होतं.

“अगं, दिवा लाव की.”

“नको. सूज आहे ना. उजेड टोचतो.”

तो उठायला निघाला. खिशातले दोन सेल एकमेकांवर वाजले, तसा पुन्हा खुर्चीत बसला. आत काहीतरी सांडलं. ओट्यावरून हात फिरल्याचा आवाज आला. मग साखरेच्या डब्याचं झाकण निघालं. मग लागलं. थोड्या वेळानं पुन्हा निघालं, आणखी एक चमचा साखर पडली आणि झाकण पुन्हा लागलं.