चादरीचा उच्चार

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती चादरींच्या घड्या घालायची. नवरा गेल्यावर परक्या मुलखात एकटीच हात-पाय हलवून पोट भरत होती. रोज सकाळी भरलेली ट्रॉली ढकलत आत शिरताना ती मोठ्यांदा म्हणे, "मोअर शिट!" आणि इस्त्रीच्या यंत्रापाशी उभ्या बायका खो खो हसत. तीही हसे. आपल्याला पाहून चार चेहरे खुलतात, एवढंच तिला पुष्कळ होतं. मग दिवसभर कुणी बोलायला यायचं नाही.

विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीला उच्चारांच्या प्रयोगासाठी मराठी बोलणारी माणसं हवी होती, म्हणून ही दर गुरुवारी कामावरून सुटली की तिकडे जाऊ लागली. बंद खोलीत हेडफोन लावायचे. कानात शब्द आला की 'शिप' की 'शीप' ते ओळखून बटण दाबायचं. पहिल्यांदा बरं जमलं. मग मुलीनं दोन्ही शब्द सारख्याच लांबीचे करून ऐकवले आणि सगळी दाणादाण उडाली.

"मावशी, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ मोजताय. इथे स्वरच निराळा आहे."

"अगं, मला तर दोघी जुळ्या बहिणी वाटतात!"

तरी ती जात राहिली. कानाशी कुणीतरी बोलतंय, हेच बरं वाटे. सहाव्या गुरुवारी अचानक उलगडा झाला: एक स्वर ताणलेला, दुसरा सैल. मुलगी खूश झाली. तिनं पहिल्या दिवशी मावशींकडून वाचून घेतलेल्या शब्दांचं रेकॉर्डिंग लावलं.

"हा तुमचाच आवाज. बघा, आता कान किती सुधारलाय!"

त्यात 'शीट', म्हणजे चादर, हा शब्द आला; तिच्या तोंडून तो 'शिट', म्हणजे गू, असा ऐकू आला, आणि तिनं हेडफोन काढून ठेवले. तीन वर्षं बायका कशाला हसत होत्या, ते तिला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर थांबून तिनं ओठ ताणून पाहिले. आत जाऊन म्हणाली, "मोअर शीट्स." अगदी बिनचूक. कुणी वर पाहिलं नाही. एकीनं ट्रॉली ओढून घेतली.

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीपाशी हसणाऱ्या बायकांतली एक वयस्क बाई जवळ आली. "आज हसवलं नाहीस?"

"यापुढे नाही जमायचं."

बाई आपल्या टेबलाकडे परत गेली. तिकडच्या गप्पांतला प्रत्येक ताणलेला, सैल स्वर आता हिला लख्ख ऐकू येत होता; त्यांतला एकही शब्द हिच्यासाठी नव्हता. तिनं डब्यातला घास हळूहळू चावला.