होडीतला पाचवा

आमच्या कॉलेजात कुठलाही विषय कुठल्याही विषयाबरोबर घेता यायचा. एक मुलगी गणित आणि मातीची भांडी असं शिकत होती. तत्त्वज्ञान मात्र मी एकट्यानेच घेतलं. तीन वर्षं वर्गात पहिला मी, शेवटचा मी, आणि मागच्या बाकावर दंगा करणारं टोळकंही मीच.

विभागात माणसं चार: सर, ग्रंथपालबाई, कारकून आणि शिपाईमामा. विद्यार्थी शून्य झाले की विभाग बंद, असा नियम होता. त्यामुळे मी शिंकलो की चौघंही हातातलं काम टाकून बघायचे. यंदा नवीन कुणीच आलं नव्हतं.

बाबा मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "तुमच्यात नक्की काय दुरुस्त करतात?"

"प्रश्न विचारतात, बाबा."

"ते काय, गिऱ्हाईकही विचारतं. पुढे?"

पुढे नोकरी होती. ताईने तिच्या कंपनीत शब्द टाकला होता. पास झालो की लगेच रुजू व्हायचं, जागा पंधरा दिवसच राखून ठेवणार होते. बाबांनी दुकानात येईल त्याला ही बातमी सांगितली, ज्यांचा मिक्सर अजून झाला नव्हता त्यांना तर दोनदा.

शेवटचा पेपर नीतिशास्त्राचा. काढणारे सर, तपासणारेही सर. प्रश्न होता: चौघांचं भलं होत असेल तर एकाचं नुकसान करावं का? मी पुरवण्या जोडून लिहिलं, करावं. होडी बुडतेय, माणसं पाच, एकाने उतरायचं. उतरताना त्याने कुरकुर करू नये, हेही वर लिहिलं.

मी एका मार्काने नापास झालो.

सरांच्या खोलीत गेलो तर चौघंही तिथेच. ग्रंथपालबाई कपाटाकडे बघत होत्या. कारकून उलटी फाईल वाचत होते. मामांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"सर, माझं उत्तर चुकलं का?"

"छे रे. इतकं नेमकं आजवर कुणी लिहिलं नाही." सरांनी चष्मा काढला. "माझं मत आधी उलट होतं. तुझं वाचलं आणि पटलं."

"पटलं तर मग मार्क?"

"त्या उतरणाऱ्याला पोहता येतं का, ते तू लिहिलं नाहीस. त्याचा एक कापला."

"फेरपरीक्षा कधी?"

"वर्षाने," कारकून फाईलमधूनच म्हणाले.

ताईच्या कंपनीत ती जागा मातीची भांडी करणाऱ्या मुलीला मिळाली. बाबांनी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली, मागे स्क्रू असावेत तशी, आणि परत दिली. दुकानात ते आता फक्त मिक्सरबद्दल बोलतात.

नवीन वर्ष सुरू झालं. माझ्या बाकावर मामांनी उशी ठेवली होती. सरांनी हजेरी घेतली. मी गप्प बसलो.

कारकुनांनी मान वर न करता माझी हजेरी लावली.