ओढ्यात सोडायचा निळा

"आत्या, खिडकीशी ये ना! ओढा बघ कसा नटलाय!"

हाक मारणारी भाची पडद्यांच्या कापडासाठी नक्षी काढत असे. ती काम करायची तो कापड रंगवायचा कारखाना घरासमोरच, आणि त्याचे सांडपाणी ओढ्यात. पाण्यावर कधी जांभळ्या रेषा उमटत, कधी केशरी वलये. तीच कागदावर उतरवून तिने नाव कमावले होते. आज व्यापारी येणार होते. नक्षी पसंत पडली, तर मुख्य नक्षीकाराची जागा तिची! त्यांना ओढा रंगीत दिसावा, म्हणून भोंगा होताच निळ्या रंगाची टाकी पाण्यात सोडा, असे तिने रंगाऱ्याला बजावले होते.

तिने हे सांगताच आत्याचा चेहरा उतरला. ती ओढ्याच्या खालच्या अंगाला राहायची; औषधपाण्यासाठी भाचीकडे आली होती.

"सगळी टाकी?"

"अगं, रंग काय, विरून जातो."

"विरून कुठं जातो? आमच्या हंड्यात येतो!" आत्याने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलून लाल झाली होती. "डॉक्टर विचारत होते, रंगकाम करता का? म्हटलं, मी नाही हो, माझी भाची करते!"

भाचीने वाकून ती बोटे हातात घेतली.

"लहानपणी याच पाण्यात खडे टाकून तासन्‌तास वलयं बघायचीस. तेव्हा रंग होता का गं पाण्याला? तरी तुला चित्रं सुचायचीच ना! पाण्याकडून एवढं घेतलंस, त्याला दिलंस काय?"

भोंगा वाजला. ती चप्पल न घालताच धावत सुटली. रंगाऱ्याचा हात तोटीवर होता.

"थांबा! सोडू नका!"

"बाई, तुम्हीच तर सांगितलंत!"

"चुकलं माझं! सोडू नका!"

मागून कारखान्याचे मालक गरजले, "डोकं ठिकाणावर आहे का? पाहुणे फाटकात आलेत. जागा हवीय की नको?"

जागा हवीच होती. तरी ती तोटीसमोरून हलली नाही.

"हवीय, साहेब. पण हे पाणी माझी आत्या पिते."

जागा दुसऱ्याला मिळाली. पण त्या दिवसापासून तिने आणि रंगाऱ्यांनी मालकांचा असा पिच्छा पुरवला, की सांडपाणी शुद्ध करायची सोय झाल्यावरच त्यांची सुटका झाली!

वाचकहो, पाणी पाहून कुणाला चित्र सुचते, कुणाला गाणे. जरूर सुचावे! पण ते पाणी पुढे कुणाच्या ओंजळीत जाते, हे विचारल्याशिवाय त्याच्या सौंदर्याचे गोडवे गाऊ नका. पाणी स्वच्छ ठेवणे, हे कलावंताचे पहिले देणे आहे.