पहिल्या नंबराचं पाणी

भोईवाड्यातल्या रेडकर चाळीत पाण्यावरून भांडणं रोजच व्हायची, पण कौसल्या घाडीच्या भांडणाची सर कुणाच्याच भांडणाला नव्हती. खाली अंगणात एकच नळ, पाणी पहाटे तासभर, आणि त्या नळाचा पहिला नंबर कौसल्येचा. तो तिला कुणी दिला नव्हता. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी तिनं तो वरच्या मजल्यावरच्या मंजुळेकडून हिसकावून घेतला होता.

मंजुळेचा गुन्हा काय, तर तिचा नवरा महादेव संप चालू असताना पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत कामाला परत गेला. कौसल्येचा तुळशीदास शेवटपर्यंत टिकला, आणि टिकून कायमचा घरी बसला. मालकाच्या केसालाही कौसल्येला धक्का लावता येत नव्हता. हाताशी सापडली ती मंजुळा. गद्दारांचा हंडा शेवटी, असं तिनं जाहीर केलं आणि चाळीनं माना डोलावल्या. तेव्हापासून मंजुळा सगळ्यांच्या मागे उभी राहून उरलंसुरलं भरत होती.

पहिल्या पाण्याचं कौसल्येला भारी कौतुक. रात्रभर कुणी न शिवलेलं, कोरं पाणी. ते ती तांब्याच्या हंड्यात भरायची, वर तुळशीची पानं सोडायची आणि धुण्याभांड्याला त्यातला थेंब वापरू द्यायची नाही. देवापुढे एक गडू, बाकी सगळं चंदूला. चंदू तिचा एकुलता एक, ऐन संपात जन्मलेला. दुधाची ऐपत नव्हती, निदान पाणी तरी पोराला पहिलं मिळावं, एवढाच तिचा हट्ट.

आणि चंदू वाळत चालला होता. पोट धरून लोळायचा, तोंड पांढरंफटक, शाळेत काल शिकवलेलं आज आठवायचं नाही. कौसल्येनं निदान करून टाकलं, मंजुळेची नजर लागली. अंगणात उभं राहून तिनं मंजुळेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चंदूवरून उतरलेली लिंबं तिच्या जिन्याच्या तळाशी नेऊन टाकली.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चंदूचा ओठ वर केला, हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि नळाचं पाणी मागवलं. एक बाटली पहाटेच्या पहिल्या धारेची, दुसरी पाणी जायच्या वेळची. दुसरी स्वच्छ निघाली. पहिलीत शिसं होतं.

"तुमच्या नळाचा पाइप जुना, शिशाचा आहे," बाई म्हणाल्या. "रात्रभर त्यात पाणी उभं राहतं आणि शिसं पाण्यात उतरतं. उकळून ते जात नाही. पहिला हंडा सरळ ओतून द्या. आणि चाळीत सगळ्यांना सांगा. लहान मुलांना, गरोदर बायकांना तर त्यातला थेंब नको."

"पण पाणीखात्याचा माणूस येऊन गेला. पास म्हणाला."

"त्यानं आधी नळ सोडून ठेवला असेल."

सोडला होता. कौसल्येनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या बाबानं नळ धो धो वाहू दिला, विडी संपवली, मग बाटली भरली, आणि विचारल्यावर नियमच तसा आहे म्हणाला. कागदावर चाळीचं पाणी उत्तम होतं. असला नियम करणाऱ्याच्या घरी कुणाला पहाटे हंडा घेऊन उभं राहावं लागत नसणार.

घरी येताना कौसल्या रडली नाही, संतापली. ज्या पाण्यासाठी ती जिवाच्या करारावर भांडली, ते तिनं स्वतःच्या हातानं पोराला पाजलं होतं, आणि गद्दारांच्या हंड्यात रोज निर्मळ पाणी पडत होतं. हे चाळीला सांगायचं? पदर तोंडाला लावून हसणारी मंजुळा तिला दिसायलाच लागली. ते तिला सोसलं नसतं, आणि पहिला हंडा ओतून द्यावा तर सगळे कारण विचारणार. चंदूसाठी तिनं शेजारच्या चाळीतून पाणी आणायची सोय केली आणि दुसऱ्याच पहाटे मंजुळेला हाक मारली.

"ये गो, पुढे ये. नंबर तुझाच होता, तूच भर. मी र्‍हाते मागे."

चाळ गहिवरली. तळमजल्यावरचे तात्या म्हणाले, गिरण्यांचा संप मिटला नाही, पण कौसल्येचा राग मिटला. कौसल्येनं गुपचूप ऐकून घेतलं. मनाची समजूत तिनं घातली होती. मंजुळेच्या घरी लहान आहे कोण? दोन उतारवयाची माणसं, त्यांना काय होतंय? आणि झालं तर झालं. गाडीत बसून गेले होते ना?

मग मंजुळेची लतिका रे रोडच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली. ती कमरेवर हात ठेवून जिना चढत होती, तेव्हा कौसल्येनं तिला खालून पाहिलं. आज सांगू, उद्या सांगू करत तिनं दिवस काढले.

एका पहाटे मंजुळा नवा तांब्याचा हंडा घेऊन नळावर आली. आता ती कौसल्येशी दोन शब्द बोलायची.

"लतिकेसाठी घेतला. आली तशी तिला पहिलंच पाणी देते, तुझ्यासारखी तुळस घालून. तुझ्यामुळे गो."

हंडा भरत आला आणि कौसल्येनं लाथ मारून तो पाडला.

रांगेतल्या बायका ओरडल्या. मंजुळेनं इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार. पोटुश्या पोरीच्या तोंडचं पाणी बघवत नाय तुला?"

"विष आहे त्यात," कौसल्या म्हणाली. "शिसं. पहिल्या हंड्यात उतरतं. चंदूला त्यानंच झालंय."

"तुला कधी कळलं?"

एक खोटं कौसल्येला सुचलं होतं, पण ते ओठावर आलं नाही. "नंबर दिला त्याच्या आदल्या दिवशी."

नळ तसाच वाहत होता आणि तो बंद करायचं रांगेत कुणाला सुचलं नाही. मंजुळेनं हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही.

"माझा नवरा गिरणीत गेला तो सगळ्यांदेखत गेला," ती म्हणाली. "तुझ्यासारखं गोड बोलून नाय गेला. चल वर. माझ्या पोरीला तूच सांग."

संपानंतर कौसल्या तो जिना पहिल्यांदाच चढत होती. मोर्च्यात पोलिसांच्या लाठ्यांपुढे छाती काढून उभी राहिलेली ही बाई एका गरोदर पोरीपुढे जायला भीत होती. लतिका भिंतीला टेकून बसली होती. दारात कौसल्येला पाहून ती हात टेकत उठली, घरातल्या जुन्या हंड्यातून गडूभर कालचं पाणी काढलं आणि आल्या माणसाला द्यावं तसं तिच्यापुढे धरलं. मंजुळा उंबऱ्यावर उभी होती. तिनं लेकीला थांबवलं नाही.

"घ्या मावशी," लतिका म्हणाली. "पहिलं पाणी आहे, आईनं बाळासाठी राखलेलं. तुमच्यामुळेच तर मिळतं."

कौसल्येनं गडू दोन्ही हातांनी घेतला, खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.